मेणाखालचा गंज

आमच्या ह्यांना कोणतंही काम सांगा, ते काम करणार नाहीत; आधी ते सुधारतील. मग सुधारलेलं काम करतील, आणि झालं की मागे उभे राहून वाट पाहतील, कोणी शाबास म्हणतं का.

चौतीस वर्षं उमरेडच्या खदानीत फिटर होते. गावात त्यांना रुपराव फिटर म्हणूनच ओळखतात. रिटायर झाले आणि खदानीतली सगळी अक्कल उचलून माझ्या घरात घेऊन आले. चहाच्या गाळणीला नट-बोल्ट लावला. खुराड्याच्या दाराला स्प्रिंग बसवली, तर पहिल्याच दिवशी त्या दाराने कोंबडीची शेपटी धरली. पाटा सरकू नये म्हणून खाली रबर ठोकलं. आता वाटण वाटताना पाटा उड्या मारतो. मी बोलत नाही असं नाही. भरपूर बोलते. पण ऐकण्याचं काम त्यांनी अजून सुधारायला घेतलेलं नाही.

हे सगळं मी चालवून घेतलं. विळ्यांचं चालवून घेण्यासारखं नव्हतं.

माझ्या टोळीत मला धरून अठ्ठावीस बाया आहेत. सोयाबीन, धान, हरभरा, गहू, जे उभं असेल ते आम्ही कापतो. गहू संपला की प्रत्येक बाई आपला विळा माझ्या ओसरीवर आणून ठेवते आणि आश्विनात घेऊन जाते. हा रिवाज माझ्या सासूपासूनचा. मधला पावसाळा विळे सांभाळायचे ते आमच्या घराने. आणि विळा ही काही कोणाचाही कोणी उचलावा अशी वस्तू नाही. शोभाताईची मूठ तिच्या बोटांच्या खोबणी पडून झिजलेली आहे, आणि ती डावखुरी, म्हणून तिच्या पात्याची धार उलट्या अंगाला. सोनिकाचा विळा तिच्या मेलेल्या आईचा. दुसरीचा विळा धरला की दुपारपर्यंत तळव्याला फोड आलाच.

सांभाळायचे म्हणजे लेप लावायचा. चार वाट्या घाण्यावरचं जवसाचं तेल आणि एक वाटी मेण. मेण मोहोळाचं, मेणबत्तीचं नाही. नागपूरच्या इतवारीतला दुकानदार मला लांबून ओळखतो, कारण मी मेण चावून पाहिल्याशिवाय घेत नाही. मंद आचेवर तेल तापवायचं, त्यात मेण विरघळवायचं, थेंब नखावर टाकून पाहायचा. लोण्यासारखा बसला की खाली उतरवायचं. आणि ज्येष्ठाच्या उन्हात पत्र्यावर विळे असे तापू द्यायचे की हाताची मागची बाजू टेकवत नाही. लेप लावायचा तो तापल्या लोखंडावर. थंड लोखंडावर कधीच नाही. असं का, ते सासूने सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. या वर्षी कळलं.

या वर्षी ज्येष्ठातच माझ्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. मोतीबिंदू. नागपूरला लेकीकडे दीड महिना राहिले, हिरवा चष्मा लावून. तिथून फोनवर ह्यांना एकच सांगितलं होतं, इळ्याले हात लावू नका, मी आली का पाहीन. हात लावू नका म्हटल्यावर ह्यांचा हात कुठे जाणार?

आषाढ संपता संपता घरी आले तर आड्याला अठ्ठावीस पुड्या टांगलेल्या. प्रत्येक विळा पारदर्शक प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, वर सुतळी, सुतळीला पत्र्याचा बिल्ला, बिल्ल्यावर नंबर ठोकलेला. ह्यांनी एक पुडी उतरवली, सोडली, माझ्या हातात दिली. मी अंगठा फिरवला. तुपासारखा गुळगुळीत. हे मागे उभे होते. रिटायर झाल्यापासून तो चेहरा पहिल्यांदा असा उघडा दिसला, नव्या डोळ्याने मला तो स्वच्छ दिसला.

"बरं दिसते," मी म्हटलं.

बाहेर बारा दिवसांची झड लागलेली होती. ऊन कधी दाखवलं, हा एक प्रश्न माझ्या जिभेवर आला होता. माझ्या जिभेवरून प्रश्न परत जात नाहीत, हे गावाला माहीत आहे. तो परत गेला.

*

आश्विन लागला. एका शनिवारी सकाळी विळे उतरवले. पाजवून ठेवायचे, म्हणून सोनिकाला बोलावलं होतं. माझ्यानंतर टोळी तीच चालवणार, असं मी मनात धरलेलं आहे; तिला सांगितलेलं नाही, नाहीतर ती आजच चालवायला लागेल. तिने पहिली पुडी फाडली आणि थांबली.

"मावशी, याले घाम आला."

प्लास्टिकच्या आतून पाण्याचे थेंब होते. विळा मात्र चमकत होता. मी पात्यावर नख लावलं. दुधावरची साय निघावी तसा लेपाचा पापुद्रा निघाला आणि खाली ओला, लाल गंज. बोटाला लागला तो कुंकवासारखा.

सोनिकाने दुसरी फाडली. तिसरी फाडली. मग आम्ही दोघी नुसत्या पुड्या फाडत गेलो.

हे तोंडात कडुनिंबाची काडी घेऊन बाहेर आले. "काय झालं वं?"

"या जी. पाहा तुमची फॅक्टरी."

त्यांनी चष्मा लावला. एक विळा खरवडला, दुसरा खरवडला. "मेण कमी पडलं असन."

"कमी? एवढं मेण लावलं का इळा पेटवला तर दिवाळीभर जळन."

"मी तं सगळे साबण-सोड्यानं धुवून घेतले होते. वर्कशॉपात पयले पार्ट साफ करते, मंग..."

"धुतले कवा?"

"तू नागपूरले होती तवा. आषाढात."

"झडीत?"

"पुसले ना. दोन-दोनदा पुसले."

"ऊन कवा दाखवलं?"

काडी तोंडातच राहिली. सोनिका हातातलं प्लास्टिक झटकत म्हणाली, "फिटरबाबानं पाणी आत कोंडलं अन वरतून कुलूप लावलं."

एरवी हे तिला दोन शब्द सुनावतात. त्या दिवशी नुसता चष्मा काढला, पुसला, परत लावला.

अठ्ठावीसच्या अठ्ठावीस लाल होते. आणि सोमवारी मनोहररावांचं सोयाबीन होतं.

मनोहररावांचं अकरा एकर. गुरुवारीच ते दारात येऊन सांगून गेले होते, "भागीरथाबाई, शेंगा तडकायच्या आत वावर खाली पाह्यजे. सोमवारी सातले बाया दिसल्या नाई तं मंगळवारी मशीन." कापणीची मशीन शेजारच्या गावात ताडपत्रीखाली उभीच होती. एकदा ती त्यांच्या वावरात शिरली की धुऱ्यावर, बांधावर उभे राहून पाहणारे आठ-नऊ जण आहेतच. मशीन जेवायला मागत नाही, मशीन पोराला बरं नाही म्हणून घरी राहत नाही, एवढं त्यांना कळलं की पुढच्या वर्षी माझ्या ओसरीची पायरी कोणी चढणार नाही. मग अठ्ठावीस बाया काय कापणार?

"मी नवे आणतो," हे म्हणाले. "अकराच्या बसनं नागपूरले जातो. इतवारीत ढीग लागले असते इळ्याचे."

"बसा खाली. अठ्ठावीस नवे इळे अठ्ठावीस हातात सोमवारी सकाळी दिले तं सोयाबीन नाई, बोटं कापते. जुनेच काढायचे याच्यातून."

"मंग काय करू म्हणते?"

"घासा."

*

दुपारपर्यंत ओसरीवर चौदा बाया जमल्या. बाकीच्या कोणाच्या तरी मिरचीत निंदायला गेल्या होत्या. चुलीच्या धगीवर पातं धरायचं, मेण ओघळलं की फडक्याने पुसायचं, मग विटेचा तुकडा, राख आणि हात. वरचा गंज विटेने निघतो. खालचा निघत नाही. तो खड्डा करून बसतो. बायांच्या कोपरापर्यंत लाल चिखल झाला. नाकावर माशी बसली तर कोणाला उडवता येईना.

बोलणं चालूच होतं, आणि ते माझ्या घराबद्दल होतं.

"आमच्या घरी असता तं असा नसता झाला," एक म्हणाली.

"तुह्या घरी असता तं तुह्या दाल्ल्यानं इकला असता," मी म्हटलं. हसल्या. पण तिचं म्हणणं हसण्यावारी जाण्यासारखं नव्हतं. सासूच्या वेळेपासून असं कोणाला म्हणायला जागा मिळाली नव्हती.

ह्यांनी आतून आपली खदानीची पेटी आणली. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, तीन-चार कानशी. आणि बिजलीचं ग्राइंडर. मी तोंड उघडलं.

"मालूम आहे," ते म्हणाले आणि ग्राइंडर आपणच परत पेटीत ठेवलं. "पातं निळं पडते. पात्याचं पाणी उतरते. चौतीस वर्षं काय मी खदानीत माशा मारल्या?"

"मंग काढलं काहून?"

"पेटीत वरतंच होतं."

मग बायांच्या ओळीत, शेवटी, भिंतीला टेकून खाली बसले. फोरमन ज्यांना साहेब म्हणायचा ते माझे हे, चौदा बायांच्या रांगेत मांडी घालून विळा घासत होते. सोनिका काही सोडणारी नाही.

"फिटरबाबा, खदानीत किती गाड्या अशा धुवून वाचवल्या?"

"एकई नाई," हे म्हणाले. "तिथं माह्यावर सुपरवायझर होता."

बाया खो-खो हसल्या. मी हसले नाही. तो टोला कोणाला होता ते मला कळलं.

थोड्या वेळाने पाहते तर ह्यांनी विळ्याची मूठच उपटली. एकीची, दुसरीची, तिसरीची.

"मुठी काहून काढून राहिले जी? त्या बायाच्या हातच्या मुठी आहे, फुटल्या तं मिळन का दुसऱ्या?"

"फुटत नाई. इकडे ये." त्यांनी पात्याचा मुठीत घुसणारा टोकाचा भाग माझ्यापुढे धरला. काळा, फुगलेला, कांद्याच्या पाकळ्यांसारखा थर सुटत होता. बोटाने दाबला तर भुगा झाला. "पाह्य. हे आषाढातलं नाई वं. हे दहा-पंधरा वर्षांचं आहे. तुहा लेप इथपर्यंत कधी पोचलाच नाई."

चौदा बायांचे हात थांबले.

माझे कान तापले. सासूने मुठी कधी काढल्या नव्हत्या. मी कधी काढल्या नव्हत्या. इतकी वर्षं मी वरून चमकवत होते आणि आतून लोखंड संपत होतं, आणि हे मला चौदा बायांपुढे सांगत होते, तेही आवाज न चढवता. आवाज चढवला असता तर मला उत्तर देता आलं असतं.

"मंग काढा," मी म्हटलं. "दाखवू नका, काढा. सगळ्या काढा."

तेवढ्यात तिकडे कट असा आवाज झाला. शोभाताईने पातं विटेवर जरा जोरात दाबलं होतं. डावखुरा विळा मधोमध मोडला. ती दोन्ही तुकडे मांडीवर ठेवून पाहत राहिली. शोभाताई माझ्याहून मोठी, कमी बोलणारी. तिने ह्यांच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

"भागीरथा, तुह्या घरी ठेवला होता वं मी."

एवढंच म्हणाली. पदराने हात पुसले आणि घरी गेली.

*

रविवारी ऊन चांगलं पडलं. आश्विनाचं, पाठीला टोचणारं. गोठ्याच्या पत्र्यावर सत्तावीस पाती ओळीने मांडली, मुठी वेगळ्या खाटेवर, प्रत्येक मुठीत चिंधी खोचून, कोणाची कोणती ते कळायला. घासलेलं उघडं लोखंड एका रात्रीच्या दवाने पुन्हा लाल होतं. लेप लावल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मी चुलीवर तेल ठेवलं.

मनोहररावांची मोटारसायकल नेमकी तेव्हाच दारात थांबली. उतरले नाहीत. एक पाय जमिनीवर टेकवून पत्र्याकडे पाहत राहिले.

"हे काय चालू आहे, भागीरथाबाई?"

"दिवाळीची साफसफाई."

"इळ्याची?"

"लक्ष्मी तेच आणते आमच्या घरी. पयले त्याहीले आंघोळ."

ते उतरले. पत्र्याच्या कडेला एक पातं होतं, खड्डे पडलेलं, मी मुद्दाम मागे सारलेलं. नेमकं तेच उचललं. उलटसुलट करून पाहिलं आणि बोटाला लागलेला लाल रंग माझ्या ओसरीच्या खांबाला पुसला. माझ्या खांबाला.

"मी मशीनवाल्याले सांगूनच ठेवतो. तुमच्यानं नाई होत आता."

"जरूर सांगा. उद्या सातले वावरात या. सात वाजून पाच मिनिटं झाले अन एकई बाई सरळ उभी दिसली, तं मशीन बोलवा. मीच तिच्यापुढे चालत येईन, रस्ता दाखवाले. अन जातानी तो खांब पुसून जा."

ते हसले, खांब पुसला नाही, गेले. हे दारातून सगळं ऐकत होते. ओलं फडकं घेऊन आले आणि खांब पुसला.

"लेप झाला का वं?"

"झाला. पाती तापली का पाहा."

त्यांनी हाताची मागची बाजू पत्र्यावरच्या पात्याला टेकवली. झटकन काढली. परत टेकवली, परत काढली. लहान मुलासारखं पाच-सहा पात्यांना करून पाहिलं.

"असं असते होय," म्हणाले.

तापल्या लोखंडाने लेप कसा प्यायला ते दोघांनी पाहिलं. थंड्यावर तो साय धरून बसतो. तापल्यावर अंगात जातो. मग ह्यांचं नवीन निघालं: मुठीच्या भोकात गरम लेप ओतायचा आणि पातं त्यातच ठोकायचं, म्हणजे आत हवा नाही, पाणी नाही. मी म्हटलं, एकाले करा. केलं. मूठ थंड झाल्यावर मी विळा धरून झटकला, दगडावर आपटला. हलला नाही, खडखडला नाही. तेवीस वर्षं मी खडखडत्या विळ्याने कापत होते आणि तो खडखडाट विळ्याचा आवाजच आहे असं समजत होते.

"सगळ्याले करा," मी म्हटलं.

राहिली शोभाताई. डावखुरा विळा बाजारात मिळत नाही; जुना लोहार बनवून द्यायचा, तो आता नाही. मी पत्र्यापाशी गेले, माझा विळा आणला. त्याला अजून मूठ बसवायची होती. नुसतं पातं ह्यांच्यापुढे टाकलं.

"धार उलटवता येते का?"

"येते. कानशीनं, हातानं. पण हा तुहा आहे."

"मालूम आहे कोणाचा आहे ते. येते का नाई?"

दुपारभर कानस चालली. खर्र, खर्र. मधेच थांबत, पातं डोळ्याजवळ धरत, परत चालत. मी पाणी नेऊन दिलं तर वर पाहिलं नाही. एकदा बोट कापलं, चिंधी बांधली, परत सुरू. ऊन कलायच्या आत माझ्या पात्याची धार डाव्या अंगाला गेली आणि पातं शोभाताईच्या झिजल्या मुठीत बसलं. ते घेऊन हे स्वतः तिच्या घरी गेले. काय बोलले मला माहीत नाही. परत आले तेव्हा हात रिकामे होते, तेवढं पाहिलं.

*

सोमवारी सातला आम्ही वावरात होतो. मनोहरराव धुऱ्यावर, घड्याळ मनगटावर. सोयाबीन दवाने ओलं, पानं गळून नुसत्या दांड्या-शेंगा. सोनिकाने पदर खोचला, "चला वं," म्हणाली आणि वाकली. एका ओळीत सत्तावीस पाठी वाकल्या.

माझी पाठ वेगळी होती. विळाच नव्हता. मी मागे मागे कापलेलं गोळा करून ढीग लावत होते, जे काम आम्ही नव्या पोरींना देतो. टोळी माझी, आणि मी सगळ्यांच्या मागे. मनोहररावांनी ते पाहिलं.

सात वाजून पाच मिनिटं झाली. एकही बाई सरळ उभी नव्हती. साडेआठपर्यंत धुरा मागे राहिला. माझं सगळं लक्ष शोभाताईकडे. पहिल्या चार हातांना ती अडखळली, पाचव्याला मनगट वळवून पाहिलं, मग तिची लय लागली. डावा हात, खर्र, पुढे. डावा हात, खर्र, पुढे. सोयाबीनचा दांडा चिवट असतो, बोथट विळा त्याला ओढतो, झाड मुळासकट हलतं आणि शेंगा तडकतात. झाडं हलत नव्हती.

नवाच्या सुमारास मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. मनोहरराव जाता जाता मोबाइलवर मोठ्याने बोलत होते, आम्हाला ऐकू यावं इतक्या. "नको, नको, उद्याचं राहू दे. बाया आहे."

कोणी पाठ वर केली नाही. पण ओळ जरा वेगाने सरकली.

दुपारी पळसाच्या झाडाखाली भाकरी सोडली तेव्हा धुऱ्यावर सायकल दिसली. हे होते. हँडलला पाण्याची कॅन, खिशातून कानस डोकावलेली. कॅन बायांपुढे ठेवली. शोभाताईजवळ थांबले.

"कसा चालते जी, वहिनी?"

शोभाताईने घोट घेतला, घास गिळला, मग म्हणाली, "हातात बसाले दोन दिवस लागन. पण कापते, भाऊजी."

मग हे सायकलकडे गेले, कॅरिअरची दोरी सोडली आणि माझ्यापुढे येऊन उभे राहिले. हातात विळा होता. पातं कोरं करकरीत; सकाळच्या बसने उमरेडला जाऊन आणलेलं. मूठ माझी होती, माझ्या अंगठ्याच्या खड्ड्याची. पात्यावर लेपाचा पातळ हात, सांध्याशी मेणाची बारीक कड.

नेहमीसारखे उभे राहिले, वाट पाहत.

बायांच्या भाकऱ्या थांबल्या. सोनिका तर चावायचीच विसरली. मी विळा घेतला, उलटा केला आणि हाताची मागची बाजू पात्याला टेकवली. चटका बसला. घरापासून वावरापर्यंत उन्हात उघड्यावर बांधून आणलेलं लोखंड होतं.

मी तो परत दिला नाही. कमरेला खोचला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "ऐका जी. धुतलं ते तुमी चुकले, अन ऊन कवा दाखवलं म्हून मी विचारलं नाई, ती मी चुकली. मुठीतलं जंग तं माह्या सासूपासूनचं, त्याचं नाव तुमाले देत नाई. पुढच्या जेठात अठ्ठावीस इळ्याले लेप तुमीच लावसान, मुठी काढून, तुमच्या हिशोबानं. पण आभाळात ढग असतानी मेणाचा डबा उघडला, तं त्याच मेणानं तुमचं तोंड बंद करीन, अन वरतून तुमचाच नंबरचा बिल्ला लटकवीन. आता बसा खाली, भाकर खा."